पहिला नमुना कोणाच्या अंगावर घालावा?

चांगला शिंपी सदरा एकदम शिवत नाही. आधी टाचून तो गिऱ्हाइकाच्या अंगावर घालतो, हात वर करायला सांगतो. काखेत आवळत असेल तर टाके कच्चे असतानाच उसवता येतात. कारखानदारीत याच टाचलेल्या सदऱ्याला प्रोटोटाइप, म्हणजे पहिला नमुना, म्हणतात.

त्याचा इतिहास शोधायला लांब जायला नको. तारापूरचे वीजकेंद्र आपल्या उशाशीच आहे. 1957 साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील व्हॅलेसिटोस येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उकळत्या पाण्याची एक लहान अणुभट्टी चालवली. तिची वीज अवघी 5 मेगावॅट. तिथे शिकून 1960 साली इलिनॉयमध्ये ड्रेस्डेन येथे सुमारे 200 मेगावॅटची भट्टी उभी राहिली. त्याच घराण्यातल्या 210 मेगावॅटच्या दोन भट्ट्या आपण घेतल्या व ऑक्टोबर 1969 मध्ये त्या रीतसर चालू झाल्या.

म्हणजे नमुना पाहून घेतलेला माल. तरीही काय झाले? या भट्ट्यांत मुख्य वाफेखेरीज गरम पाण्याच्या जोरावर दुसऱ्या पात्रात आणखी वाफ तयार होत असे. त्या पात्रांच्या नळ्या पुढे गळू लागल्या. शेवटी ती पात्रे बंद करून प्रत्येक भट्टी 160 मेगावॅटवर आणावी लागली. नमुना आपण विचारू तेवढ्याच प्रश्नांची उत्तरे देतो. पंधरा वर्षांनी काय होईल, हे नव्या कोऱ्या यंत्राला विचारून कळत नाही.

दुसरा धडाही तारापूरचाच. आपल्या 220 मेगावॅटच्या जड पाण्याच्या भट्टीत इंधनाच्या 306 नळ्या असतात. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्टीत, 540 मेगावॅटसाठी, त्या 392 झाल्या. इंधनाच्या जुडीत 19 ऐवजी 37 कांड्या आल्या. परंतु लहान भट्टी फुगवली की मोठी होते, असे नाही. मोठ्या गाभ्यात एक कोपरा तापतो तेव्हा दुसरा निवू शकतो. म्हणून गाभ्याचे 14 विभाग पाडून प्रत्येकात पाण्याची पातळी वेगळी सांभाळण्याची व्यवस्था केली. 2005 व 2006 साली या भट्ट्या चालू झाल्या आणि त्यांच्यावरून काक्रापारच्या 700 मेगावॅटच्या भट्टीचा आराखडा निघाला. तिच्यातही नळ्या 392 च आहेत. कालचा माल उद्याचा नमुना होतो, तो असा. याच दोन भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, हेही त्याच इतिहासात लिहिले पाहिजे. उठलेले गाव उसवून पुन्हा शिवता येत नाही.

आता आमच्या अनुभवातले सांगतो. बोईसरच्या वसाहतीतील एका कारखान्यात प्रेसला संरक्षक जाळी बसवली. नमुना दिवसाउजेडी, साहेबांसमोर पास झाला. रात्रपाळीत पत्रा अडकला की जाळी खोलायला दहा मिनिटे जात आणि नगाचा हिशेब तर डोक्यावर. पोरांनी जाळी तारेने वर बांधली. तिसऱ्या महिन्यात एका तरुणाची दोन बोटे गेली. चौकशीत दोष त्याचाच ठरला. आम्ही एवढेच विचारले: नमुना पास करताना प्रेसवर बसणाऱ्या किती जणांना विचारले होते? कोणी बोलले नाही.

पुढची जाळी मात्र आम्ही भांडून एकाच प्रेसवर, तिन्ही पाळ्यांत, आठ दिवस चालवायला लावली. दोनदा ती बदलावी लागली. मग बिजागरीची झाली, हाताच्या एका झटक्यात उघडणारी, आणि उघडताच प्रेस थांबवणारी. ती आजवर कोणी तारेने बांधलेली नाही.

अणुभट्टी असो वा पत्र्याची जाळी, सदरा ज्याने घालायचा त्याच्याच अंगावर तो आधी घालून पाहावा. टाके कच्चे असतात तोवर चूक दोऱ्यावर भागते. नंतर ती बोटांवर जाते.