पाऊणपटीचे कुळ

विदर्भातले कारंजा (घाडगे) समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. तरीही तिथल्या घरोघरच्या पंचांगात कोकणातल्या भरतीची वेळ दडलेली असते. कोकणातले कोळी तिथीची पाऊणपट करून ती काढतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. हा आडाखा निव्वळ किनाऱ्यावरच्या अनुभवाचा, असे सहसा मानले जाते. माझ्या मते त्याचे अर्धेच कुळ किनाऱ्याचे; उरलेले पंचांगाचे. तिथी म्हणजे चंद्राने सूर्यापासून १२ अंश पुढे सरकणे. घड्याळात त्याची ४८ मिनिटे होतात, आणि भरती चंद्रामागून जात असल्याने तीही तिथीगणिक तेवढी लांबते. ४८ ऐवजी ४५ धरली की हिशेब तोंडी जमतो. तीन-तीन मिनिटांची ही चूक साचत पंधराव्या तिथीला पाऊण तासाची होते खरी, पण प्रतिपदेला मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते आणि चूक तिथेच पुसली जाते. पक्षागणिक मोजण्याची पद्धत इथे अशी अनायासे कामाला आली आहे! किनाऱ्याचा वाटा वेगळा. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास येते, हे कोणत्याही पंचांगाने सांगितलेले नाही. ते किनाऱ्याच्या आकारावर आणि समुद्राच्या खोलीवर ठरते, म्हणून दुसऱ्या किनाऱ्यावर हीच पाऊणपट चुकू शकते.

यावर कारंज्याचा माणूस विचारील, चंद्र पाणी ओढतो तर कार नदीवरच्या धरणात भरती का येत नाही? कारण भरती नुसत्या ओढीने येत नाही, ओढीतल्या फरकाने येते. चंद्राकडच्या बाजूचे पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा जास्त ओढले जाते, पलीकडचे कमी. म्हणून दोन्हीकडे फुगवटा येतो आणि दिवसाला दोन भरत्या होतात. दोन-चार किलोमीटरच्या जलाशयात हा फरक नगण्य असतो. न्यूटनने १६८७ साली हे गुरुत्वाकर्षणाने उलगडले. चंद्रासारखा सूर्यही पाणी ओढतो. त्याचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे २.७ कोटी पट, पण तो सुमारे ३९० पट दूर. आणि हा फरक अंतराच्या घनाने घटतो. त्यामुळे सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा कमी पडतो. अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत येतात तेव्हा उधाण, अष्टमीच्या सुमारास काटकोनात असतात तेव्हा भांग, म्हणजे कमी जोराची भरती. तिथी हेही सांगते, फक्त उधाणाचा कळस एक-दोन दिवस मागून येतो.

मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीची यंत्राने नोंद होते, आणि जहाजांना भरतीची कोष्टकेच लागतात. तिथे अर्ध्या-पाऊण तासाची चूक परवडत नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाण्याचा अंदाज बांधायला मात्र पाऊणपट पुरते. विदर्भातून जाणाऱ्यांनी ती निघण्यापूर्वी घरीच काढावी, पण पाण्यात पाय घालण्याआधी तिथल्या माणसांना विचारावे.