ब्रिटिश कंपनी परदेशी मालकाने घेतली, तर क्वालिटी घसरते का?

"कंपनी विकली गेली, आता पहिल्यासारखी क्वालिटी राहिली नाही," हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. मीही ते बिनधास्त ठोकून द्यायचो. पण मालक बदलला की मालात नेमकं काय बदलतं? याचं उत्तर शोधायला लंडनला जायची गरज नाही. पुण्याहून मिरजेच्या गाडीत बसा. सातारा, कराड मागे पडलं की सांगलीच्या अलीकडे किर्लोस्करवाडी लागते.

टेकओव्हर म्हणजे काय?

एका कंपनीचे इतके शेअर्स विकत घेणं, की निर्णयाचा हक्क घेणाऱ्याकडे जातो. नाव, कारखाना, कामगार तेच राहू शकतात. पैसा कुठे घालायचा आणि कुठे वाचवायचा, हे ठरवणारा मात्र बदलतो. क्वालिटीचा प्रश्न इथेच येतो.

आपल्या वाडीची गोष्ट

१९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजांच्या मदतीने कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा केला. औंध आज सातारा जिल्ह्यात, तर वाडी सांगली जिल्ह्यात आहे. त्यांचा लोखंडी नांगर शेतकरी सुरुवातीला घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी भीती होती.

पुढे पंपांसाठी नावाजलेल्या याच किर्लोस्कर ब्रदर्सनी २००३ मध्ये ब्रिटनची एसपीपी पंप्स ही जुनी कंपनी विकत घेतली. आग विझवण्याच्या यंत्रणेतले पंप ही एसपीपीची खासियत. मालक भारतीय झाला, तरी एसपीपीचं नाव आणि इंग्लंडमधलं उत्पादन चालू राहिलं. मोठ्या इमारतीसाठी असा पंप निवडताना एलपीसीबी, यूएल, एफएम अशा स्वतंत्र संस्थांची मान्यता बघतात. मालक कुठला आहे यावर ही मान्यता मिळत नाही, पंप चाचणीत टिकला तरच मिळते.

मग सगळं छानच होतं का?

नाही. २०१० मध्ये अमेरिकेच्या क्राफ्टने कॅडबरी घेतली. ब्रिस्टलजवळचा समरडेल कारखाना चालू ठेवू, असं आधी सांगितलं होतं. सौदा होताच तो बंद करायचं जाहीर केलं आणि काम पोलंडला गेलं. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या क्रीम एगचं कवच डेअरी मिल्कऐवजी दुसऱ्या चॉकलेटचं झालं आणि गिऱ्हाइकं भडकली. म्हणजे लोकांची तक्रार नुसती भावनिक नव्हती, कृतीच बदलली होती.

तुमच्या फोनमधली ब्रिटिश कंपनी

जवळपास प्रत्येक स्मार्टफोनचा प्रोसेसर केंब्रिजच्या आर्म कंपनीच्या रचनेवर चालतो. आर्म स्वतः फोनची चिप बनवून विकण्याऐवजी डिझाइनचं लायसन्स देत आली. २०१६ मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेने ती सुमारे २४ अब्ज पौंडांना घेतली. तुमचा फोन त्यामुळे स्लो झाला का? नाही. नंतर एनव्हिडिया आर्म घ्यायला निघाली, तेव्हा मात्र विरोध झाला. चिप बनवणाऱ्या एकाच कंपनीच्या हाती सगळ्यांचं लायसन्स जाईल, ही भीती होती. २०२२ मध्ये तो सौदा मोडला.

खरेदीआधी काय बघायचं?

* डिझाइन आणि टेस्टिंगची टीम टिकली आहे, की तिथेच कात्री लागली?
* कच्चा माल किंवा पार्ट बदलले का?
* सर्व्हिस सेंटर, स्पेअर आणि फोन असेल तर अपडेट किती वर्षं मिळणार?
* मान्यता खरी आहे का? बीआयएस केअर हे सरकारी ॲप उघडा. चार्जरवरचा 'आर' ने सुरू होणारा नंबर किंवा आयएसआय चिन्हाच्या पंपावरचा सीएम/एल नंबर त्यात टाका. नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते लगेच दिसतं.

तेव्हा लोखंडी नांगर बघून "जमीन नासेल" म्हणणारे आणि आज मालकाचा देश बघून नाक मुरडणारे आपण, चूक एकच करतो. वस्तू न तपासता निकाल देतो. पुढच्या वेळी दुकानात आधी तो नंबर तपासा, मग ब्रँडवर बोलू.