परळची वाट : मुलांचा ल्युकेमिया आणि मज्जारोपण



रक्ताच्या कर्करोगाचा इतिहास आपल्या भागात सांगावयाचा, तर तो परळच्या टाटा रुग्णालयाला धरूनच सांगावा लागतो. शहापूरकर आसनगावला लोकल धरतात, मुरबाडकर एस.टी.ने कल्याण गाठतात. दोघांचीही वाट अखेर तेथेच जाऊन मिळते. हे रुग्णालय १९४१ साली उघडले, तेव्हा मुलांच्या ल्युकेमियापुढे जगात कोणत्याच वैद्याचे काही चालत नसे.

१९४७ च्या अखेरीस बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अशा मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध देऊन पाहिले. १६ मुलांपैकी १० जणांचा आजार काही काळ ओसरला. तो पुन्हा उलटला खरा. पण ओसरला, हेच त्या वेळी अपूर्व होते. औषध ज्या प्रयोगशाळेतून आले, तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. हे नाव आमच्या शालेय पुस्तकांत अधिक ठसठशीत असावयास हवे, असे आम्हांस वाटते.

त्याच वर्षी १ ऑगस्टला कराचीत सुरेश अडवाणी यांचा जन्म झाला. फाळणीनंतर कुटुंब इकडे आले. आठव्या वर्षी पोलिओने पाय गेले आणि चाकांची खुर्ची नशिबी आली. पुढे वैद्यकीच्या प्रवेशाला गेले, तर असा मुलगा डॉक्टर कसा व्हायचा म्हणून आधी नकारच मिळाला. त्यांनी पिच्छा सोडला नाही. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातच ते शिकले. रोग्याशेजारी बसता येणे पुरेसे नव्हते काय?

मज्जारोपणाची विद्या त्यांनी अमेरिकेत सिएटलच्या डॉ. डोनाल थॉमस यांच्यापाशी घेतली. थॉमस यांनी १९५७ साली सहा रोग्यांना दुसऱ्याची मज्जा दिल्याचे प्रसिद्ध केले होते, आणि त्या सहांपैकी कोणीही फार दिवस जगले नव्हते. अशा आरंभानंतर दुसऱ्या कोणी हा नाद सोडला असता. थॉमस यांनी सोडला नाही. १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

रोपण म्हटले की सुरी-कात्री डोळ्यांपुढे येते. वस्तुतः येथे तसे काही नाही. रोग्याची बिघडलेली मज्जा आधी जालीम औषधांनी, कधी किरणांनी, मारून टाकतात. मग दात्याला भूल देऊन त्याच्या कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढतात आणि रक्त चढवावे तशी ती रोग्याला शिरेतून देतात. तिच्यातील मूळपेशी आपली वाट आपणच शोधून हाडांत जाऊन बसतात. नवे रक्त तयार होण्यास दोनतीन आठवडे लागतात. तोवर साधा जंतूही घात करू शकतो. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक एवढाच असतो. मार्च १९८३ मध्ये अडवाणींनी परळला नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. भारतातील हे पहिले यशस्वी रोपण म्हणून ओळखले जाते. २००२ साली पद्मश्री, २०१२ साली पद्मभूषण असे सन्मान पुढे आले.

परंतु त्यांच्या कार्याचा मोठा भाग आम्ही निराळाच मानतो. मुलांत अधिक आढळणाऱ्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात बहुतेकांना रोपण लागतच नाही. रोग उलटला किंवा औषधाला दाद देईनासा झाला तरच ते करतात. अशा मुलांसाठी अमेरिकेतील इयन मॅग्रथ यांच्यासह ऐंशीच्या दशकात 'एम.सी.पी. ८४१' ही औषधयोजना आखली गेली. तिच्यापूर्वी पाचांत एक मूलही धड वाचत नसे. तिच्यानंतर सुमारे निम्मी वाचू लागली. रोपणाची वार्ता झाली, या योजनेची झाली नाही. पण खेड्यातील मुलाच्या वाट्याला जे येते ते बहुधा हेच.

ही औषधे दोनतीन वर्षे चालतात. मधल्या काळात मूल घरी असते, आणि डॉक्टरांची ताकीद असते की पाणी उकळूनच प्यावे, ताप आला तर त्याच दिवशी दाखवावे. शहापूर तालुक्यातील तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईस जात आहे. पुढे भातसाचेही जाऊ लागले. त्याच तालुक्यातील पाड्यांवर मात्र वैशाखात टँकरची वाट पाहतात. मिळालेला हंडा उकळायचा तर सरपण लागते. आणि मुरबाडच्या आतल्या वाडीवर रात्री ताप चढलाच, तर परळ त्याच दिवशी गाठण्यासाठी सकाळची पहिली एस.टी. चुकवून चालत नाही.