मर्ल ओबेरॉन : एका जन्मनोंदीची कहाणी

२३ नोव्हेंबर १९७९ रोजी कॅलिफोर्नियातील मालिबू येथे मर्ल ओबेरॉनचे निधन झाले, तेव्हा जगाच्या लेखी ती टास्मानियात जन्मलेली गोरी ब्रिटिश अभिनेत्री होती. १९८३ मध्ये चार्ल्स हायम आणि रॉय मोझली यांनी लिहिलेले तिचे चरित्र प्रसिद्ध झाले, आणि तिचा जन्म मुंबईचा असल्याचे वाचकांना कळले.

एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन हे तिचे मूळ नाव. जन्म १९ फेब्रुवारी १९११. बालपण मुंबईत आणि कोलकात्यात गेले. ज्या शार्लट सेल्बीला ती आई म्हणे, ती नात्याने आजी होती. मर्लला जन्म दिला तो शार्लटच्या कोवळ्या वयाच्या मुलीने, कॉन्स्टन्सने. या अँग्लो-इंडियन घरातली मुलगी विशीच्या आत लंडनला पोहोचली. तेथे अलेक्झांडर कोर्डा या निर्मात्याने १९३३ च्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’मध्ये तिला अ‍ॅन बोलिनची छोटी भूमिका दिली. दोनच वर्षांनी ‘द डार्क एंजल’साठी तिला ऑस्करचे नामांकन मिळाले.

टास्मानियाची कथा याच काळात रुजली. तिला निव्वळ लबाडी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण हॉलिवूडच्या १९३० च्या आचारसंहितेत गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायलाच मनाई होती. मिश्र रक्ताची नायिका म्हणजे पडलेला चित्रपट, हा व्यवसायाचा हिशेब होता. मर्लने तो ओळखला. किंमत मात्र घरात चुकवली. सावळी शार्लट पाहुण्यांसमोर मोलकरीण म्हणून वावरे, असे चरित्रकार सांगतात. १९३७ मध्ये ती वारली. पुढे मर्लने तिचे तैलचित्र करून घेतले, तेही वर्ण उजळवून.

त्याच वर्षी लंडनमध्ये मोटार-अपघातात मर्लचा चेहरा जखमी झाला आणि ‘आय, क्लॉडियस’ अर्धवट सुटला. तरी १९३९ च्या ‘वुदरिंग हाइट्स’मधली तिची कॅथी रसिक विसरले नाहीत. त्याच साली तिने कोर्डाशी लग्न केले. ते १९४५ मध्ये मोडले. दुसरा पती, छायाचित्रकार लुसियन बॅलर्ड, याने तिच्या चेहऱ्यावरचे व्रण झाकण्यासाठी कॅमेऱ्यालगत बसवायचा खास दिवा तयार केला. तिच्याच नावावरून तो ‘ओबी’ म्हणून ओळखला जातो. हे लग्नही टिकले नाही. एकंदर चार विवाह झाले.

१९७८ मध्ये टास्मानियातील होबार्ट येथे तिच्या सन्मानार्थ नागरी स्वागत-समारंभ झाला. भूमिकन्या म्हणून गौरव स्वीकारायला ती गेली, ते ज्या गावात ती जन्मलीच नव्हती तिथे. पुढच्याच वर्षी ती गेली. मुंबईची जन्मनोंद मात्र दफ्तरात शाबूत होती. अभिनेत्री म्हणून ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचलेली ही मुंबईकर मुलगी हयातभर आपल्या शहराचे नाव उच्चारू शकली नाही. तिच्या खोटेपणाचा जाब विचारताना ते खोटे तिच्याकडून मागणाऱ्यांनाही तोच जाब विचारायला हवा.