रणांगणातून रस्त्यावर

हिवरे बाजारात परवा एका परिचित शेतकरी बंधूंच्या ओसरीसमोर जुनी चेतक उभी दिसली. "अजून चालते, फादर," असे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले. व्हेस्पाचा इटालियन परवाना १९७१ मध्ये संपल्यावर बजाज कंपनीने १९७२ मध्ये ही स्कूटर बाजारात आणली व तिला महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव दिले. हळदीघाटची लढाई १५७६ ची. मात्र घोड्याचे हे नाव समकालीन लेखनात आढळत नाही, ते पुढील काळातील काव्यांनी व लोककथांनी रुजविले. धन्याला वाचवून प्राण सोडणाऱ्या त्या मुक्या जनावराच्या नावावर विसंबून लोकांनी नोंदणी केली आणि वर्षानुवर्षे वाट पाहिली.

युद्धातील प्राण्याने व्यापाराचे निशाण व्हावे, ही गोष्ट केवळ आपल्याकडची नव्हे. फ्रान्चेस्को बाराक्का हा इटलीच्या 'पिएमोन्ते रेआले' घोडदळातील अधिकारी. पलटणीच्या चिन्हावर रुपेरी घोडा होता. वैमानिक झाल्यावर बाराक्काने आपल्या विमानावर काळा घोडा रंगविला. शत्रूची ३४ विमाने पाडल्यानंतर १९ जून १९१८ रोजी तो धारातीर्थी पडला. पाच वर्षांनी एन्झो फेरारी या तरुणाने रावेन्नाजवळ मोटारींची शर्यत जिंकली. तेथे बाराक्काच्या वडिलांशी त्यांची ओळख झाली. पुढे वीरमाता पाओलिना यांनी, आपल्या मुलाचा घोडा गाडीवर लावा, तो तुम्हाला लाभेल, असे सुचविले. ही हकीकत स्वतः फेरारी यांनीच सांगितलेली आहे. त्यांनी घोडा काळाच ठेवला, मागे आपल्या मोदेना शहराचा पिवळा रंग दिला आणि १९३२ मध्ये तो प्रथम शर्यतीत उतरविला. आज तो टोप्यांवर व अत्तराच्या बाटल्यांवरही दिसतो. त्या मातेला हे रुचले असते काय, असा प्रश्न मला पडतो.

आपल्याकडचे अलीकडचे उदाहरण 'विक्रांत' या विमानवाहू नौकेचे. १९७१ च्या युद्धात पराक्रम गाजविणारी ही नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली. काही वर्षे मुंबईत तिचे संग्रहालय होते. ते टिकावे म्हणून अनेकजण न्यायालयापर्यंत गेले, तरी २०१४ मध्ये ती भंगारात निघाली. बजाजने तिचे पोलाद वापरून २०१६ मध्ये 'व्ही' ही मोटारसायकल काढली. पाओलिनाबाईंनी घोडा आपण होऊन दिला होता; विक्रांत मात्र लिलावात विकली गेली.