वाटेवरचे माहेर : वारीतील स्त्रिया आणि एक प्रश्न

पंढरीच्या वारीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची लेखणी सहसा काही ठरावीक नावांपाशी थांबते. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ च्या सुमारास पादुका पालखीत ठेवून देहूहून पालखी सोहळा सुरू केला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानदेवांच्या पालखीला स्वतंत्र आणि शिस्तबद्ध रूप दिले. पुढे दिंड्यांचे क्रम लागले, विणेकऱ्यापासून चोपदारापर्यंत प्रत्येकाचा मान ठरला. या इतिहासाची साधने मुख्यतः हक्कांची आणि मानपानाची आहेत. त्यांत स्त्री जवळजवळ दिसत नाही. वस्तुतः डोईवर तुळशीवृंदावन किंवा पाण्याचा हंडा घेऊन चालणारी बाई वगळली, तर वारीचे चित्रच डोळ्यांपुढे उभे राहत नाही. परंपरेने मानाच्या मानल्या गेलेल्या सात पालख्यांत एक मुक्ताबाईची आहे, आणि ती तापीकाठाहून निघून सुमारे महिनाभर चालत वाखरीला भावंडांच्या पालख्यांना भेटते. तरीही वारीतील स्त्रियांचा इतिहास कोणत्याही एका दप्तरात मिळत नाही. तो ओवीत, आत्मचरित्रात आणि ललितगद्यात विखुरलेला आहे. या तीन ठिकाणी वारी बाईला काय देते आणि काय देऊ शकत नाही, हे शोधण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

पहिले साधन ओवीचे. साने गुरुजींच्या ‘स्त्री-जीवन’ या संग्रहात, आणि पुढे हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जमविलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांत, पंढरपूर पुन्हा पुन्हा येते. परंतु ते तत्त्वज्ञानाचे पंढरपूर नाही. तेथे विठ्ठल बाप आहे, कधी भाऊ आहे. रखुमाई कधी आई, तर कधी जनीवर आणि तुळशीवर रुसलेली, हेवा करणारी एक संसारी बाई आहे. देवाघरची ही कुरबूर गाणारीला परकी वाटत नाही. आणि पंढरी हे माहेर आहे. हे रूपक संतांनीही वापरले, एकनाथांच्या अभंगातही ते आहे. पण पुरुष संताने पंढरीला माहेर म्हणणे आणि पहाटेच्या अंधारात जाते ओढणाऱ्या सासुरवाशिणीने तसे म्हणणे यांत अंतर आहे. संतांच्या तोंडी ते भक्तीचे रूपक आहे, तर सासुरवाशिणीच्या तोंडी ती निकडीची गरज आहे. आईबाप गेले, भावजयीचे राज्य आले, म्हणजे खरे माहेर तुटते. ज्या माहेराचे दार कुणी लावू शकत नाही, असे एकच माहेर मग उरते. आणि तेथे जाण्यासाठी घरच्यांची परवानगी मागता येते, कारण कारण देवाचे असते.

दुसरे साधन बहिणाबाईंचे (१६२८–१७००) आत्मनिवेदन. देवगावच्या या ब्राह्मण मुलीचे लग्न बालवयात एका प्रौढ बिजवराशी झाले. कुटुंबावर संकट आले आणि सारी मंडळी गाव सोडून पायी निघाली. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर असे करीत कोल्हापुरास पोहोचली. तेथे कीर्तनाची आणि तुकोबांच्या अभंगांची ओढ लागलेल्या या मुलीला नवऱ्याने मारहाण केली. ब्राह्मण स्त्रीने शूद्र कवीला गुरू मानावे, हे त्याला असह्य होते. ही मारहाण बहिणाबाईंनी लपविली नाही, छंदात बांधून ठेवली. चालण्याने त्यांचे दुःख संपले, असे त्यांची कहाणी सांगत नाही. घर मोडून वाटेवर आल्यामुळे त्यांच्या कानांवर ते शब्द पडले, ज्यांच्या आधाराने त्या स्वतःचे दुःख सांगू शकल्या, एवढे मात्र ती निश्चित सांगते. बरे होणे म्हणजे जखम नाहीशी होणे नव्हे, ती बोलता येणे, हा अर्थ आम्हांस येथे सापडतो.

हे बोलता येणे वारीत कसे घडते? आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर. पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत सोहळा जवळजवळ तीन आठवडे चालतो. इतके दिवस एका दिंडीत, एका तळावर राहिलेल्या बायका एकमेकींच्या भेगाळलेल्या टाचांना तेल लावतात, ओली लुगडी मिळून वाळवतात, रिंगणात फुगड्या घालतात. शेजारी शेजारी चालताना समोरच्याच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही. म्हणून घरात वर्षानुवर्षे न उच्चारलेली गोष्ट दिवे घाटाच्या चढणीवर सहज ओठांवर येते. ऐकणारी दुसऱ्या गावची असते, ती ही गोष्ट सासरी नेणार नसते. शिवाय वारीचे काही संकेत स्त्रीला विशेष अनुकूल आहेत. येथे वयाचा वा जातीचा विचार न करता सारे एकमेकांच्या पाया पडतात. येथे सर्वांच्या कपाळी बुक्का लागतो. हळदीकुंकवाच्या समारंभात जिला बोलावणे येत नाही, त्या विधवेच्या कपाळावरही तोच बुक्का आणि गळ्यात तीच तुळशीची माळ. आणि येथे स्त्री-पुरुष सर्वांना एकच संबोधन आहे, ‘माउली’. एरवी नावाऐवजी ‘अमक्याची आई’ म्हणून ओळखली जाणारी बाई येथे साऱ्यांच्याच बरोबरीने आई होते, आणि तिलाही कुणाला तरी आई म्हणता येते.

२०२० आणि २०२१ साली साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी. बसने पंढरपूरला गेल्या. देवाची भेट चुकली नाही, पण वाट चुकली. ओव्यांतले माहेर पंढरपुरात असले, तरी प्रत्यक्षात ते वाटेवरच वसते, हे त्या दोन वर्षांनी दाखवून दिले.

तथापि माहेर या शब्दाचा दुसरा अर्थ विसरून चालणार नाही. माहेर म्हणजे जेथून परत यायचे असते ते घर. आषाढी एकादशी होते, काला होतो, आणि बाई आपल्या चुलीपाशी परतते. वारी तिला बळ देते, की तेच ओझे पुन्हा वर्षभर वाहण्यापुरता दम देते, हा प्रश्न उरतोच.

येथे तिसरे साधन, इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख, आपल्याला अधिक खोल नेतो. ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातील हा लेख अनेकांना आठवतो तो महाराष्ट्राच्या व्याख्येसाठी : ज्यांचे लोक पंढरीला वारीला जातात, तो महाराष्ट्र. परंतु त्याच लेखात एक बोच आहे. ज्या दिंडीबरोबर त्या चालत होत्या, तिच्यातील ब्राह्मण आणि मराठा बायका दिवसभर एकत्र गात चालत. जेवणाच्या पंक्ती मात्र वेगळ्या. हे विभाजन कर्व्यांना रोज सलत होते. त्या मराठा बायकांबरोबर जेवल्या, तेव्हा अंतर वितळले. बायका हात धरून चालू लागल्या, संसारातल्या गोष्टी सांगू लागल्या, त्यांना ताई म्हणू लागल्या. पुण्याला तुमच्याकडे येऊ, असेही काही जणी म्हणाल्या. त्यावर एका तरुण मुलीने विचारले, की आत्ता जशा वागता आहात, तशाच तेव्हाही वागाल का? हा साधा प्रश्न आपल्या मर्मी लागल्याचे कर्व्यांनी प्रांजळपणे नोंदविले आहे.

आमच्या मते वारीतील स्त्रियांच्या मैत्रीवर याहून नेमके भाष्य मराठीत दुसरे नाही. मैत्री खरी होती, याविषयी त्या मुलीला शंका नव्हती. ती वाटेवरून उंबरठ्याच्या आत येईल का, एवढेच तिला विचारायचे होते. ज्या विठ्ठलाच्या दारी चोखोबांना थांबावे लागले, आणि ज्या मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडण्यासाठी साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले, त्या पंढरीच्या वाटेवर हा प्रश्न उमटावा, हे स्वाभाविकच आहे. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई यांच्या अभंगांतही विटाळाविषयीचा हाच सवाल निराळ्या शब्दांत आहे.

जनाबाई, सोयराबाई, कान्होपात्रा आज आमच्या अभ्यासक्रमांत आहेत. त्यांच्या अभंगांवर आम्ही प्रश्नपत्रिका काढतो, चर्चासत्रे भरवितो, वारीला समतेचा सोहळा म्हणतो. ते म्हणणे खोटे नाही. जी समता बाईला घरात वा गावात मिळाली नाही, ती तीन आठवडे चालताना तिने चाखली, आणि म्हणूनच ती पुढच्या वर्षी पुन्हा निघाली. पण त्या मुलीचा प्रश्न वारकरी बायकांना नव्हता. तो पुण्याच्या एका शिकलेल्या, लिहित्या बाईला होता. त्यामुळे त्याचे उत्तर पंढरपुरात शोधण्यात अर्थ नाही. ज्यांच्या दारी ती येणार होती, त्यांनीच ते द्यायचे आहे.