हात रिकामा शे

गेल्या आखाजीला चाळीसगावला गेलो होतो. (आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात सासुरवाशिणींना दिवाळीपेक्षा मोठा सण.) फुई, म्हणजे माझी आत्या, माहेरी आली होती. वय 86. अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता, पण त्यावर शेजारची पोरं आणि त्यांचे मोबाइल. गौराईची गाणी म्हणणारं कोणीच नव्हतं. म्हटलं, निदान फुईकडून जात्यावरच्या ओव्या तरी टिपून घेऊ.

तिला खुर्चीत बसवलं, समोर फोन ठेवला, आवाज नको म्हणून पंखा बंद केला आणि म्हटलं, 'हां, म्हण.' फुई घाम पुसत बसून राहिली. एखादी ओळ सुरू करायची आणि अर्ध्यात अडायची. 'माले काही याद नही रे भाऊ.' मग स्वतःच्या पंजाकडे बघत म्हणाली, 'हात रिकामा शे मना.'

मला वाटलं, आखाजीला माहेरून काही मिळालं नाही म्हणून टोमणा मारतेय. दुसऱ्या दिवशी डोक्यात उजेड पडला. मागच्या पडवीत जातं होतं, त्यावर तुळशीची कुंडी ठेवलेली. कुंडी हलवली, जातं धुतलं, खुंटा नव्हता म्हणून तुटक्या कुऱ्हाडीचा दांडा ठोकला. फुई एक पाय लांब करून बसली, समोर मी. तिने मूठभर दादर आत टाकली. तीन-चार फेरे झाले आणि कालची अडलेली ओवी सरळ बाहेर आली. मग दुसरी. मग मी मोजायचं सोडलं.

फुई म्हणाली, नुसतं ओढू नको, माझ्यामागून म्हण. म्हणून पाहिलं. खुंटा आपल्याकडे ओढताना पोट आत जातं आणि श्वास आपोआप बाहेर पडतो. त्या श्वासावरच ओळ बसते. ओळीची लांबी फेऱ्याने ठरवलेली. गळ्याला काही ठरवायचं उरतच नाही. मी वर्षानुवर्षं खुर्चीत बसून काम करणारा माणूस. श्वास छातीच्या खालीही जातो हे मला त्या दिवशी कळलं, आणि दहा मिनिटांत दंड भरून आले तेही कळलं.

आमच्या जिल्ह्यात या विषयावर लिहायचं आणि बहिणाबाई चौधरींचं (1880–1951) नाव घ्यायचं नाही, असं होणार नाही. जळगावजवळच्या आसोद्याच्या. अक्षरओळख नव्हती. घरोटावर (जात्याला तिकडचा शब्द), शेतात, चुलीपाशी त्या गात, आणि मुलगा सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी ते उतरवून घेत. पुस्तक आलं 1952 साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. बाई तेव्हा नव्हत्या. (जाता जाता: त्यांची बोली अहिराणी नव्हे, लेवा गणबोली. हे मी पुण्यात किती जणांना सांगितलं असेल!) आपल्या कानात ती गाणी बसली आहेत बहुधा 1961 च्या 'मानिनी'मुळे, वसंत पवारांच्या चालीत. चाली गोडच आहेत. पण त्यांत दगडाची घरघर नाही आणि गाणाऱ्या बाईला दम लागत नाही.

शब्दांबरोबर आवाजही ठेवला पाहिजे हे ओळखून पुढे फार मोठं काम झालं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी 1980 च्या दशकापासून पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी गावांत सुरुवात करून महाराष्ट्रभरातल्या हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या जमवल्या. सुमारे 120 तासांचं ध्वनिमुद्रण झालं. 2017 पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ओव्या वाचायला-ऐकायला मिळू लागल्या. रात्री कानाला लावून ऐकत बसावं असा ऐवज आहे.

मात्र जात्याचे गोडवे मी फुईसमोर गाऊ शकत नाही. पहाटे तीनला उठायचं, हाताला फोड, कडेवर पोर, आणि दळण संपलं नाही तर सासूची बोलणी. गावात इंजिनावरची गिरणी आली तेव्हा तिने फक्त पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. ओव्या गेल्या याचं वाईट वाटलं का, विचारलं. म्हणाली, तेव्हा लक्षातच आलं नाही. दळण थांबलं, तोंड आपोआप थांबलं. मोटेवरची गाणीही तशीच इंजिनाने खाल्ली, पण ती ऐकलेलं आमच्या घरात आता कोणी नाही.

बहुतेक ओव्या भाऊ, माहेर, विठ्ठल यांच्या. मधेच एकीत 'मोरखडी' असा शब्द आला. भावाचे बैल सकाळी मोरखडीत उतरतात, तिथल्या विहिरीचं पाणी गोड, असा काहीसा भाव. मी हात थांबवला. मोरखडी म्हणजे काय? फुईने मानेनेच नदीच्या बाजूला दाखवलं. आपलं वावर.

ते वावर आम्ही तीन वर्षांपूर्वी विकलं. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यानंतर गावोगाव एकत्रीकरण झालं आणि जुन्या सर्व्हे नंबरांचे गट झाले. आमच्या सातबाऱ्यावर ते वावर म्हणजे एक गट नंबर, एवढंच. मी त्या नंबरावर सही केली. त्याला नाव आहे हे वडिलांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. फुईने हक्कसोड केव्हाच लिहून दिलेली, त्यामुळे तिची सही लागली नाही, आणि विकल्याचं तिला कोणी कळवलंही नाही. तिची प्रकृती हे कारण आम्ही सांगतो. दुसरं कारण आमचा भित्रेपणा. (नातेवाईकांनो, वाचत असाल तर अजून बोलू नका. मी सांगणार आहे.)

'मोरखडीमा औंदा काय पेरशात?' फुईने विचारलं.

'कपाशी,' मी म्हटलं, आणि जात्यात आणखी एक मूठ दादर टाकली.